पाठीवरचे आकडे

गुलशनभाभीला फुटबॉलमधलं काहीही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षीच्या त्या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत तिने काय काय केलं ते ऐकलं की लोकांना वाटतं, बाई मोठी शौकीन असणार. शौक तिला एकच, डागांचा. कुणाच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या शेरवानीवर रस्सा सांडला तर चारचौघं हळहळतात, आणि ही पुढे होऊन विचारते, "मटणाचा की चिकनचा?"

मी मंजुषा. रावेतमधल्या एका हॉटेलात हाऊसकीपिंग बघते. खोल्या, चादरी, टॉवेल, पडदे सगळं माझ्याकडे. स्वभावाने मी तापट आहे आणि लाँड्रीवाल्यांनी मला आणखी तापट केलंय. चादर फाटून आली की "आधीचीच होती मॅडम". टॉवेल गुलाबी होऊन आला की "तुमच्याकडूनच तसा आला". आपली चूक कबूल केलेला लाँड्रीवाला मी तोवर पाहिला नव्हता, आणि असा कुणी जन्माला येत असेल यावर माझा विश्वासही उरला नव्हता.

गुलशनभाभी मला माझ्या नवऱ्यामुळे सापडली. तो चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कंपनीकडून धुऊन येणारा त्याचा बॉयलर सूट आमच्या हॉटेलच्या चादरींपेक्षा स्वच्छ असायचा, आणि याचं मला रोज सकाळी वाईट वाटायचं. शेवटी एक दिवस चौकशी करत करत कासारवाडी गाठली. स्टेशनच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक लांबट शेड, आत तीन मशिनं, दोन मोठे हंडे, आणि वाफेत उभी असलेली, पदर खोचलेली, गोल चेहऱ्याची ही बाई. मी काही विचारायच्या आत तिने माझ्या ओढणीचं टोक उचलून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "स्कूटीच्या चेनचं ऑइल. काढून देते, बसा."

तिची लाँड्री सुरू झाली तीही अशीच, तेलापासून. नवरा करीमभाई गॅरेजवाला. लग्न होऊन आली तेव्हा त्यांचे कपडे बघून सासूबाईंनी हात टेकले होते. गुलशनभाभीने टेकले नाहीत. कडकडीत पाणी, सोडा, थिनरचा बोळा, काय काय करून तिने ते कपडे असे काढले की शेजारच्या गॅरेजवाल्यांनी आपलेही आणून दिले. मग वर्कशॉपचे आले, मग चाकणच्या कंपन्यांचे टेम्पो भरभरून बॉयलर सूट. कासारवाडीतल्याच जुन्या घरातल्या गिरजाबाई तिच्या जोडीला आल्या, आणखी दोघीतिघी आल्या. वीसेक वर्षं ही शेड तेलावर चालली.

मी गेले तेव्हा मात्र तिच्या शेडमध्ये दोन मशिनं बंद होती. कंपनीने कपड्यांचं काम एका मोठ्या यांत्रिक लाँड्रीकडे वळवलं होतं. तिने ते रडून सांगितलं नाही. "त्यांचं पण बरोबर आहे मंजूताई. तिकडे बटण दाबलं की कपडा सुकून, घडी होऊन बाहेर पडतो. आमच्याकडे गिरजाबाईंच्या कंबरेकडे बघून काम चालतं." आणि हसली. पण नवीन काम मिळालं नाही तर शेड बंद करून गिरजाबाईंना घरी पाठवावं लागणार, हे मला त्या हसण्यातही दिसलं.

मी आमच्या मालकांशी बोलले. सोपानराव हे मूळचे रावेतचेच शेतकरी. आमचं हॉटेल उभं आहे ती त्यांचीच जमीन, आणि आजही कुणी लॉबीत थुंकलं तर ते "माझ्या वावरात थुकतो व्हय?" असं म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. त्या वर्षी आपल्याकडचा एक क्लब आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरला होता. क्लबाच्या स्वतःच्या मैदानाची डागडुजी चालू असल्यामुळे त्यांचे घरचे सामने बालेवाडीला होणार होते, आणि प्रत्येक सामन्याच्या आधी संघ आमच्याकडे उतरणार होता.

"खेळाडूंची कापडं द्या त्या बाईला," सोपानराव म्हणाले. "हंगामभर बघू. फुटबॉलवाल्यांची तक्रार आली न्हाई, तर चादरी-टावेल समदं त्यास्नी देऊ. आली, तर मग आपला रामराम."

तर एवढं होतं गुलशनभाभीचं त्या स्पर्धेत. कप कोण नेतं याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. क्लब जितके दिवस टिकेल तितके दिवस तिला काम, आणि शेवटपर्यंत तक्रार आली नाही तर शेड चालू.

क्लबाच्या कपड्यांची जबाबदारी नवनाथवर होती. हा कोल्हापूरचा. लहानपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेला, गुडघा गेल्यावर बुटांच्या आणि जर्सींच्या मागे लागलेला. पहिल्याच दिवशी त्याने तिला जर्सी धुण्याचे नियम सांगितले. "वैनी, थंड पाणी. उलटी करून. थिनर न्हाई, सोडा न्हाई, इस्त्री तर अजिबात न्हाई. पाठीवरचे आकडे चिकटवलेले असत्यात."

गुलशनभाभीने मान डोलावली आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "याला धुणं म्हणतात? ही तर जर्सीला आंघोळ घालायची झाली."

पण नियम तिने पाळले. पहिल्या फेरीत जॉर्डनचा संघ आला आणि हरून गेला. त्यानंतर ताजिकिस्तानचा, त्यानंतर व्हिएतनामचा. बाद फेरीची गंमत आम्हा दोघींना नवनाथने समजावली. एक सामना त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, दोन्हींचे गोल मिळवायचे, जो मागे राहिला तो घरी. "एकदा पाय घसरला की संपलं, वैनी. लीगसारखं पुढच्या आठवड्यात भरून काढता येत न्हाई." हे ऐकून गुलशनभाभी एकदम गंभीर झाली. हा एक मुद्दा तिला खेळातला पुरता समजला असावा.

क्लब जिंकत गेला तसा नवनाथ देवभोळा होत गेला. जर्सी कासारवाडीतच धुवायच्या, दुसरीकडे नाही, असा त्याने हट्टच धरला. खेळाडूही तिला ओळखायला लागले. त्यांचा उंच गोलरक्षक लॉबीत दिसला की वाकून "सलाम, आंटी" म्हणायचा आणि ही त्याच्या ढोपराकडे बघून म्हणायची, "गवताचा डाग आहे, उद्या पाठवून दे." क्लब उपांत्य फेरीत पोचला. उझबेकिस्तानचा संघ, पहिला सामना त्यांच्याकडे झाला आणि आपण एका गोलने हरलो. आता बालेवाडीला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी नवनाथ माझ्यासमोर आला तो घामाघूम होऊन. एक्सप्रेसवेने सामान आणताना पेटीतला मालिशच्या तेलाचा कॅन फुटला होता. निळ्या जर्सी, खेळायच्याही आणि राखीवही, सगळ्या तेलात भिजलेल्या. पांढऱ्या होत्या, पण समोरचा संघच पांढऱ्यात खेळणार होता.

मी गुलशनभाभीला फोन लावला आणि सांगितलं, जर्सींवर तेल सांडलंय.

"तेल?" तिचा आवाज असा खुलला की जणू माहेरचं माणूस दारात आलं. "मग काळजी कशाला करता? पाठवा."

आणि इथेच घोडं अडलं. हंगामभर तिने ते कपडे थंड पाण्यात घातले, उलटे केले, सगळं निगुतीने केलं. पण तेल समोर आलं आणि वीस वर्षांचा हात आपोआप चालू झाला. हातात थिनरचा बोळा आला, हंड्याखालचा गॅस मोठा झाला, सोडा पडला. वेळ कमी म्हणून दोन्ही जोड एकदमच आत गेले. गिरजाबाई म्हणतात, गुलशन त्या दिवशी गुणगुणत होती. फार दिवसांनी मनासारखं काम मिळालं होतं ना.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. "मंजूताई, माझ्या हातून चूक झाली. तेल सगळं गेलं. आकडेपण गेले. तुम्ही या आणि नवनाथभाऊंना घेऊन या."

एवढंच. आढेवेढे नाहीत, पाल्हाळ नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एका लाँड्रीकडून असा फोन घेतला, आणि माझ्या मनात आलं, या बाईला मी हातची जाऊ देणार नाही.

शेडमध्ये गेलो तर निळ्या जर्सी दोरीवर टांगलेल्या, नव्या कोऱ्या दिसत होत्या. आणि खाली परातीत पांढरे आकडे, कडेने वळलेले, तव्यावरच्या पापडासारखे. नवनाथ तो सात, तो नऊ, तो अकरा हातात घेऊन बघत राहिला. मला वाटलं आता भडका उडणार. माझा तर उडालाच असता. पण तो कट्ट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "वैनी, कॅन माझ्या पेटीत फुटला. तेलानंच आकडे खाल्ले असं मी वर सांगतो. तुमचं नाव कशाला मधे?"

"नको भाऊ," गुलशनभाभी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण तेलाने आकडे जात नाहीत, हे मला माहीत आहे. सोपानरावांना मी स्वतः सांगेन. आधी हे काम निभावू."

मग जी धावपळ झाली ती काय सांगू. दोन गल्ल्या सोडून रविराजचं दुकान आहे, गणेश मंडळांचे टी-शर्ट छापतो. त्याने एका मंडळाची ऑर्डर मशिनवरून उतरवली, नवनाथच्या मोबाईलमधला फोटो बघून तशाच वळणाचे आकडे कापले आणि एकेक जर्सीवर दाबून दिले. पैशाचं विचारलं तर म्हणाला, "आधी जिंकून या." दिसायला झकास दिसत होते. पण गुलशनभाभीने एका आकड्याच्या कडेला नख लावलं आणि कड सुटली. कापड थिनर प्यालेलं होतं, त्यावर डिंक धरत नव्हता.

"मिरवणुकीपुरतं टिकलं असतं," रविराज डोकं खाजवत म्हणाला. "पण हे पळणार, घामेजणार, एकमेकांना ओढणार."

गिरजाबाई इतका वेळ कोपऱ्यात बसून होत्या. त्या म्हणाल्या, "त्येला टाका घाला की."

"काय?"

"टाका. गोधडीला घालतो तसा. कडंकडंनं धावदोरा मारायचा. आमी काय चिकटवून गोधड्या करतो व्हय?"

नवनाथने माझ्याकडे बघितलं, मी गुलशनभाभीकडे. तोवर गिरजाबाई सुया काढून बसल्याही होत्या. गल्लीतून आणखी चौघी आल्या. कुणी मशिदीजवळच्या आळीतली, कुणी विठ्ठल मंदिरामागची, जी ती आपापली सुई आणि आपापला चष्मा घेऊन. मीही बसले. माझ्या वाट्याला दहा नंबर आला आणि त्यातल्या शून्याने माझी बोटं भोसकून काढली. गिरजाबाई माझा टाका बघून म्हणाल्या, "म्याडम, ह्यो टाका हाय का नांगरट?" आणि तो उसवून पुन्हा घातला. गुलशनभाभी हसली नाही. ती एकामागून एक आकडा शिवत होती आणि प्रत्येक जर्सी झाली की दोन्ही हातांनी ओढून बघत होती.

हॉटेलवर परतलो तर सोपानराव लॉबीतच होते. गुलशनभाभी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. जर्सी कशी बिघडली, थिनर कुणी लावला, कुणाला विचारलं नाही, सगळं सांगितलं. नवनाथ मधे बोलायला लागला तर त्याला हाताने थांबवलं. सोपानरावांनी ऐकलं. एक जर्सी उचलली, आकड्यावरून अंगठा फिरवला, परत ठेवली.

"सामना झाल्याव बघू," ते म्हणाले. "तुमी दोघी गाडीत बसा. चला बालेवाडीला."

गाडीत मला सोपानरावांचा चेहरा वाचता येत नव्हता आणि गुलशनभाभीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मैदानात दिवे लागलेले, हिरवंगार गवत. सोपानराव पहिल्यांदाच तिथे आले होते. "येवढी जमीन, येवढं पानी, आन पीक काय न्हाई," असं म्हणून ते बसले. आत काय झालं ते नवनाथने नंतर सांगितलं. स्पर्धेचा परदेशी अधिकारी प्रत्येक जर्सी उलटसुलट करून बघत होता. टाक्यांवर बोट ठेवून त्याने विचारलं, हे काय? नवनाथ म्हणाला, "आमच्याकडं महत्त्वाच्या कापडाला असं शिवत्यात." अधिकाऱ्याने आकडे लांबून वाचून बघितले, वाचता आले, आणि जा म्हणाला.

सामना सुरू झाला. आमच्या भोवती ढोल, शिट्ट्या, झेंडे, पोरं घसा फोडून ओरडत होती. गुलशनभाभी मात्र मांडीवर हात घट्ट धरून बसलेली. चेंडू डावीकडे गेला तरी ती उजवीकडे बघायची, कारण तिकडे सात नंबर पाठमोरा उभा असायचा. खेळाडू आमच्याकडे तोंड करून येत असला की तिचा जीव कासावीस व्हायचा. पाठ फिरली की श्वास सोडायची. आमच्या चार नंबरला समोरच्याने मागून जर्सी धरून असा खेचला की कापड हातभर ताणलं गेलं. अख्खं स्टेडियम पेनल्टी मागत उभं राहिलं. गुलशनभाभीही उभी राहिली. "गेला," ती पुटपुटली. मग तो चार नंबर उठला, पाठ झटकली आणि पळत सुटला. चार जागच्या जागी होता. ती खाली बसली आणि माझा हात तिने इतका दाबला की सुईने भोसकलेली बोटं ठणकली.

उत्तरार्धात आपण एक गोल केला. सगळं बालेवाडी नाचलं. एकमेकांच्या अंगावर पडून खेळाडूंचा ढीग झाला तेव्हा गुलशनभाभी ओरडली, "अरे हळू, हळू." शेवटी शेवटी त्यांनी गोल फेडला. दोन्ही सामने मिळून आपण एका गोलने मागे. मग ती काही मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. आपल्या पोरांनी जीव तोडला, एकदा चेंडू खांबाला लागून परत आला, आणि रेफरीने शिट्टी वाजवली.

स्टेडियममध्ये सगळं चिडीचूप झालं. माझ्या पुढचा मुलगा डोक्याला हात लावून बसला. मैदानावर आपले खेळाडू गवतावर पालथे पडलेले, आणि त्यामुळे सगळ्यांच्या पाठी वर. गुलशनभाभीने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवली. मग दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून ती त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "अल्हमदुलिल्लाह. शुक्र आहे."

पाचपन्नास माणसांनी वळून बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोपानरावांनीही बघितलं, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

"समदी लोकं रडत्यात," ते म्हणाले, "आन तुमी एकट्या खूश." उपरण्याने डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंजुषाताई, सोमवारपासनं चादरी, टावेल, पडदे, समदं कासारवाडीला धाडा."

गुलशनभाभीला ते पटकन कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "साहेब, पण आकडे माझ्याच चुकीने गेले होते."

"व्हय. मला कोनी सांगितलं ते? तुमीच ना? आजवरच्या लाँड्रीवाल्यांनी मला येवढ्या कंपन्यांच्या साबनाला दोष लावलेला ऐकवलाय, पन सोताला लावलेला कुनी ऐकवला न्हाई."

तिने हात जोडले. सोपानरावांनाच ते सहन होईना, ते पार्किंगकडे निघून गेले. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि पर्समधून मोबाईल काढला. मला वाटलं करीमभाईंना लावतेय. तिने लावला गिरजाबाईंना.

"गिरजाबाई, काम मिळालं. हॉटेलचं सगळं मिळालं. तुमच्यामुळे मिळालं हो. तुम्ही कुठे जायचं नाही आता." एवढं बोलून ती रडायला लागली. गिरजाबाईंचा आवाज मोठा, मला शेजारी बसून स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी तिला रडू दिलं, मग विचारलं, "आन म्याच कोन जिंकलं गं?"

गुलशनभाभी थांबली. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मंजूताई, कोण जिंकलं?"

आपण हरलो, म्हणून सांगितलं.

"हरले म्हणतात," तिने फोनमध्ये सांगितलं. "पण शेवटपर्यंत सगळे आकडे सगळ्यांच्या पाठीवर होते."